पोसेइडोनियाचे अश्रू

दक्षिण इटलीत, सालेर्नोच्या आखातालगत, पेस्टम नावाचे एक लहानसे रेल्वे-स्थानक आहे. तेथून पश्चिमेकडे चालू लागले की प्राचीन तटबंदीतील पूर्वेची वेस लागते, आणि थोड्याच वेळात शेतांच्या पलीकडे तीन डोरिक मंदिरे दिसू लागतात. समुद्र दिसत नाही. किनारा तटबंदीपासून काहीसा दूर आहे. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास सिबारिस या ग्रीक नगरातील लोकांनी ही वसाहत वसवली आणि तिला समुद्रदेव पोसेइडोनचे नाव दिले, पोसेइडोनिया. पेस्टम हे नाव रोमन काळातले.

मंदिरांविषयी फार लिहिले गेले आहे. गटे १७८७च्या मार्चमध्ये येथे आला, तेव्हा ते ठेंगणे, जाडजूड, दाटीने उभे असलेले खांब त्याला प्रथम असह्य वाटले. तासाभरात मात्र त्याची त्यांच्याशी समेट झाली. अठराव्या शतकातील विद्वानांनी या मंदिरांचे चुकीचे नामकरण केले, तेही बोलके आहे. सर्वांत जुन्या मंदिराच्या दर्शनी भागात नऊ खांब आहेत. विषम संख्येमुळे त्याच्या गाभाऱ्याच्या मध्यावरून एक स्तंभपंक्ती जाते आणि जिथे देवाची मूर्ती अपेक्षित, नेमका तिथेच खांब आडवा येतो. हे देवालय असूच शकत नाही, असे ठरवून त्याला ‘बॅसिलिका’ म्हटले गेले. प्रत्यक्षात ते हेराचे मंदिर, इसवी सनापूर्वी ५५०च्या आसपासचे. ‘सेरेस’चे म्हणून जे प्रसिद्ध झाले, ते अथेनाचे निघाले.

परंतु साहित्याच्या अभ्यासकाला येथे खेचून आणते ती मंदिरांपेक्षा एक गोष्ट. टॅरेंटमचा अरिस्टोक्सेनस हा अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य आणि संगीतशास्त्रज्ञ. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. त्यातील एक उतारा सुमारे पाच शतकांनंतर अथेनियसने आपल्या भोजनसंवादात नोंदवला म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. त्यात सांगितले आहे ते असे: पोसेइडोनियाचे लोक मुळात ग्रीक, पण पुढे ते परकीयांत मिसळून गेले, त्यांची भाषा बदलली, रीती बदलल्या. एक ग्रीक सण तेवढा त्यांनी राखला. त्या दिवशी ते एकत्र जमतात, जुनी नावे आणि जुने आचार आठवतात, एकमेकांपाशी रडतात आणि घरी जातात.

अलेक्झांड्रियाच्या कवाफीने १९०६ मध्ये याच उताऱ्यावर कविता लिहिली, पण हयातीत प्रसिद्ध केली नाही. ग्रीसबाहेर राहून ग्रीक लिहिणाऱ्या कवीला ही कथा का झोंबली असेल, हे समजणे कठीण नाही. भाषा गमावण्याची भीती ज्यांना ठाऊक आहे, त्या सर्वांनाच ती झोंबते. म्हणूनच ती तपासून घ्यावी असे मला वाटते.

उताऱ्याचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. अरिस्टोक्सेनस लगेच म्हणतो की आमचेही तसेच झाले आहे: रंगभूमी बिघडली, लोकांची संगीताची अभिरुची रसातळाला गेली, आणि आम्ही मोजके जण एकत्र बसून खरे संगीत काय होते ते आठवतो. म्हणजे पोसेइडोनिया हा त्याचा विषयच नव्हे, तो त्याचा दृष्टांत आहे. एका समीक्षकाने आपल्या काळावर रुष्ट होऊन योजलेली ती उपमा. शिवाय हे लोक ‘एट्रस्कन किंवा रोमन’ झाले, असे उपलब्ध संहितेत आहे. आणि नगर खरोखर जिंकले ते लुकानियनांनी, इसवी सनापूर्वी ४००च्या सुमारास. त्यांचे नावही नाही. रोमन येथे आले ते २७३ मध्ये, अरिस्टोक्सेनसच्या हयातीनंतर. तेव्हा ‘रोमन’ हा शब्द कोणा नंतरच्या हाताने घातला असावा.

जमिनीतून काय निघाले ते पाहावे. लुकानियन सत्तेच्या काळातच, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, आस्तेआस आणि पिथॉन हे कुंभचित्रकार येथे काम करत होते आणि आपल्या भांड्यांवर ग्रीक लिपीत, ग्रीक भाषेत सही करत होते. ग्रीकांचे वर्तुळाकार सभास्थान नव्या सत्ताधाऱ्यांनी मोडले नाही. तेथे सापडलेल्या एका शिलेवर ऑस्कन भाषेतील, ज्युपिटरला उद्देशून केलेला अर्पणलेख आहे. लुकानियन थडग्यांच्या भिंतींवर घोड्यावरून परतणारा योद्धा आणि पेय घेऊन सामोरी येणारी स्त्री पुनःपुन्हा दिसतात. तंत्र ग्रीकांकडून घेतलेले, समाज दुसरा. दोन भाषा एकाच गावात नांदत होत्या, असाच अर्थ यातून निघतो. अश्रू ढाळणारेही असतील. पण त्यांच्या शेजारच्या गल्लीत कोणीतरी ग्रीक सही करून भांडी विकत होते.

आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात काही खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. लेख प्राकृतात, आणि दात्यांची नावेही बहुधा एतद्देशीय. ‘यवन’ या शब्दाने नेमका कोणाचा निर्देश होतो, यावर वाद आहे. ते ग्रीक वंशाचे असतील, तर अरिस्टोक्सेनसच्या नेमके उलट चित्र दिसते: आठवायची ती नावेच गेली, ओळख सांगणारा शब्द उरला, आणि तोही दुसऱ्यांच्या भाषेतला. तेथे रडण्याची खूण नाही. आहे ते दान.

पोसेइडोनियाचे सभास्थान अखेर बुजवले ते रोमनांनी. त्यांनी आपला फोरम बांधला आणि गावाचा मध्यच सरकवला. मात्र एका गोष्टीला त्यांनी धक्का लावला नाही. जुन्या ग्रीक चौकात एक अर्धभूमिगत वास्तू होती, दगडी छप्पर असलेली, दाराविना बंद केलेली. रोमनांनी तिच्याभोवती भिंत घातली, आणि ती १९५४ मध्ये उघडली गेली. आत आठ कांस्यपात्रे होती, हेराक्लिसच्या स्वर्गारोहणाचे चित्र असलेला एक अथेनियन कुंभ होता, आणि मधोमध लोखंडी सळया. थडगे म्हणावे तर देह नव्हता. इसवी सनापूर्वी ५१०मध्ये मातृनगर सिबारिस क्रोटोनने नष्ट केले. त्या नगराच्या संस्थापकाचे हे स्मारक असावे, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तो खरा असेल, तर पोसेइडोनियाचा पहिला शोक लुकानियन येण्याच्या शतकभर आधीचा ठरतो.

पात्रांत एक चिकट पदार्थ होता. उत्खनकांनी तो मध मानला. पुढील कित्येक दशकांच्या चाचण्यांत मात्र शर्करेचा मागमूस लागला नाही, मेण किंवा चरबी एवढेच हाती आले. २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्रज्ञांनी नव्या पद्धतींनी त्याची तपासणी केली, तेव्हा शर्करा सापडल्या आणि मधमाशीची प्रथिनेही. मधच होता तो.