लग्नखर्चाचे हक्कदार

महाराष्ट्रात लग्नाचा खर्च कमी करा हा उपदेश निदान दीडशे वर्षे चालू आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी तो अहवालांतून केला, रानड्यांच्या पिढीने परिषदांतून केला, गाडगेबाबांनी कीर्तनांतून केला आणि अलीकडे सरकार अनुदान देऊन करते आहे. एवढे सांगूनही खर्च वाढतच राहिला, तेव्हा दोष लोकांच्या हौसेवर आला. शेतकरी उधळ्या आहे, मध्यमवर्ग दिखाऊ आहे, ऋण काढून सण करण्याची आपली खोडच आहे, असे निदान पिढ्यानपिढ्या केले गेले. ते मला चुकीचे वाटते. लग्नखर्चाचा इतिहास पाहिला तर त्यातला मोठा वाटा घरच्या माणसांनी आपखुशीने ठरवलेला नव्हता, असे दिसते. तो कोणाचा ना कोणाचा हक्क होता: सरकारचा, ग्रामजोश्याचा, बलुतेदारांचा, भावकीचा, व्याह्यांचा. असा खर्च एकट्या घराने मनाचा निश्चय करून कमी होत नाही, कारण काटकसर करणाऱ्यावर दुसऱ्याचे देणे बुडवल्याचा ठपका येतो. हा भार जिथे खरोखर हलका झाला, तिथे आधी कोणीतरी तो हक्क नाकारण्याची सामाजिक सोय करून दिलेली होती.

मराठेशाहीपासून सुरुवात केली तर हक्कदारांच्या रांगेत पहिले नाव सरकारचेच निघते. लग्न लागले की ‘लग्नटका’ आणि विधवेचा पाट लागला की ‘पाटदाम’ असे कर त्या काळच्या कागदांत नोंदलेले आहेत. त्याखाली गावगाड्याची सगळी उतरंड. न्हावी, परीट, कुंभार, गुरव, मांग, महार यांचे वर्षाचे बलुते खळ्यावर मिळे, पण लग्नाच्या प्रत्येक विधीला त्यांचे वेगळे मान असत. कुंभाराने मडकी आणायची, परटाने पायघड्या घालायच्या, मांगाने वाजवायचे, आणि त्या प्रत्येक कामामागे धान्य, खोबरे, कापड किंवा पैसा ठरलेला. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गाव-गाडा’ लिहिले, त्यात कारूनारूंच्या या मागण्यांनी कुणबी कसा वेढला जातो याचे बारकाईने वर्णन आहे. पाटलाचा मान, देशमुखाचा मान, कोणाला आधी टिळा लावायचा आणि विडा कोणाच्या हातात आधी द्यायचा यावरून पिढ्यानपिढ्या तंटे चालत. 1783 साली पुण्यात सवाई माधवरावांचे लग्न झाले, त्याची जी तपशीलवार याद प्रसिद्ध आहे तीही याच नजरेने वाचावी. वैभवाचे वर्णन म्हणून तिचे नेहमी कौतुक होते, पण कोणाला आमंत्रण कसे द्यायचे, कोणाचा आदर कसा राखायचा, कोणते काम कोणी पाहायचे याची ती जंत्री आहे. राज्याच्या कारभाऱ्यांनाही लग्नात मोठी धास्ती होती ती कोणाचा मान चुकण्याची. साध्या कुणब्याकडे यादी लिहायला कारकून नव्हता, धास्ती मात्र तीच होती.

या चित्रावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो सरकारी कागदातूनच येतो. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून खतपत्रे जाळली, आणि ते लोण पुणे-अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने कर्जबाजारीपणाची कारणे तपासली. लग्नाच्या खर्चाला या बाबतीत फाजील महत्त्व दिले गेले आहे, असे त्याचे मत पडले. रयतेच्या ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त असतो हे त्याने मान्य केले, पण असे प्रसंग वारंवार येत नाहीत आणि कर्जाचे मूळ सहसा तिथे नसते, असे त्याने नोंदवले. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, लग्नात उधळपट्टी करून शेतकरी बुडाला या हाकाटीचा खरपूस समाचार घेतला, आणि कुणब्याच्या लग्नातले खाणेपिणे किती साधे असते ते दाखवून दिले. मग प्रश्न येतो: कर्जाचे मूळ सारा, व्याज आणि अवर्षण यांत असेल, तर लग्नखर्चाची एवढी चर्चा कशाला? मला वाटते, आयोग आणि फुले या दोघांचे म्हणणे बरोबर आहे आणि ते माझ्या मुद्द्याला बळ देणारे आहे. लग्नाने शेतकऱ्याला कर्जाच्या वाटेला लावले नसेल, पण त्याच्या इतर खर्चांत आणि या खर्चात एक मूलभूत फरक होता. वाईट साली तो बैल घेणे पुढे ढकलू शकत होता, लुगड्याला ठिगळ लावू शकत होता, एक वेळ उपाशी राहू शकत होता. लग्न एकदा ठरले की मात्र खर्च किती करायचा हे त्याच्या हातात उरत नसे. गरिबाच्या ज्या खर्चावर त्याचा स्वतःचा ताबा नसतो तो रकमेने लहान असला तरी जाचक असतो. त्याच ‘असूड’मध्ये, पहिल्या प्रकरणात, फुले जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नावाने शेतकऱ्याकडून काय काय उकळले जाते ते एकेक करून सांगतात आणि त्यात लग्नही येते. म्हणजे शेतकऱ्याच्या हौसेला ते निर्दोष ठरवतात आणि बोट ठेवतात ते घेणाऱ्याच्या हक्कावर.

हा हक्क तोडायचा कसा, याचे उत्तर त्यांनी दहा वर्षे आधीच शोधले होते. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट यांचे लग्न पुरोहिताशिवाय लागले. त्याच्या खर्चाचा भार सावित्रीबाईंनी उचलला. फुल्यांनी लोकांना नुसते ‘भटजीला बोलावू नका’ असे सांगितले असते, तर तो आणखी एक उपदेश झाला असता. त्यांनी पर्यायी विधीच हातात दिला. 1887 साली मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तक निघाले. त्यातली मंगलाष्टके मराठीत आहेत, वधूवरांनी स्वतः म्हणायची आहेत, आणि त्यांत वधू आपल्या हक्कांचे वचन मागते. पुढे कोल्हापूरकडे भास्करराव जाधवांनी ‘घरचा पुरोहित’ लिहून हीच वाट रुळवली. या पुस्तकांचे आर्थिक मोल सहसा कोणी मोजत नाही. अक्षता टाकायला जमलेल्या माणसांसमोर काहीतरी रीतसर घडावे लागते, नाहीतर लग्न झाले असे कोणी मानत नाही. ही रीतसर गोष्ट घरच्याच माणसाला करता येऊ लागली, तेव्हा जोश्याला ‘नको’ म्हणणे शक्य झाले.

तरीही जोश्याचा हक्क लगेच सुटला नाही, कारण तो वतनाचा हक्क होता आणि त्याच्यामागे न्यायालय उभे होते. ग्रामजोश्याला डावलून कोणी दुसऱ्याकडून लग्न लावून घेतले, तर बुडालेल्या दक्षिणेसाठी त्याला दावा लावता येई आणि असे दावे मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. 1880 च्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांवर असाच दावा झाला. त्यांनी पुरोहिताशिवाय लग्न लावले होते आणि जोश्यांचे म्हणणे, आमचे देणे लागतेच. अखेर उच्च न्यायालयाचा निकाल पाटलांच्या बाजूने लागला. मात्र प्रश्न सर्वांसाठी कायद्याने मिटायला 1926 साल उजाडावे लागले. सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ज्यासाठी चिकाटी धरली आणि जे ‘जोशी वतन बिल’ म्हणून गाजले, त्याचा कायदा झाला आणि न बोलावलेल्या पुरोहिताला दक्षिणा मागण्याचा हक्क उरला नाही. 1873 ते 1926. स्वतःच्या घरच्या लग्नात एक माणूस कमी बोलावण्याचे निर्विवाद स्वातंत्र्य मिळायला त्रेपन्न वर्षे लागली. काटकसर ही घरातल्या घरात करायची गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

यावर कोणी म्हणेल की सत्यशोधकांचा झगडा स्वाभिमानाचा होता, पैशाचा नव्हता, आणि त्याला खर्चकपातीच्या इतिहासात बसवणे म्हणजे त्याची उंची कमी करणे. हा आक्षेप मी अर्धाच मान्य करतो. त्यांचे ध्येय निःसंशय मोठे होते. पण ज्या हक्कापायी खर्च होतो तोच हक्क माणसाला खाली लेखतो, हे त्यांना स्वच्छ दिसले होते, म्हणून पैसा आणि मान यांची फारकत त्यांनी केली नाही. पुढचा आक्षेप याहून अवघड आहे. जोश्याचे सोडा, पण लग्नातल्या मानावर वाजंत्री, न्हावी, कुंभार यांची पोटे भरत होती, आणि यजमानाची बचत म्हणजे या गरिबांची कमाई बुडणे. हे खरे आहे आणि काटकसरीचे गोडवे गाणाऱ्या सुधारकांनी त्याचा पुरेसा विचार केला नाही. मात्र या मिळकतीचा एक भाग कसा होता हे घेणाऱ्यांनीच सांगून ठेवले आहे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य समाजाला उष्टे आणि शिळे तुकडे टाकून देण्याचे आवाहन केले. पंगत उठल्यावरचे अन्न हा गावाच्या भाषेत महाराचा हक्क होता, आणि तो हक्कदारांनी स्वतःच झिडकारला. 1956 च्या धर्मांतरानंतर पांढरी वस्त्रे, त्रिशरण-पंचशील आणि थोडक्या वेळात उरकणारा विधी अशी लग्नाची नवी रीत रुजली. अत्यंत गरीब समाजाने आपल्या बळावर स्वस्त आणि तरीही भारदस्त लग्न उभे केले, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातली मोठी गोष्ट आहे. तिथेही क्रम तोच दिसतो: आधी सर्वांनी मिळून मान्य केलेला नवा विधी, मग बचत.

जिथे असा आधार नव्हता तिथे काय झाले ते गाडगेबाबांच्या उदाहरणावरून कळते. कर्ज काढून लग्न करू नका, हे त्यांच्याइतक्या कळकळीने कोणी सांगितले नसेल. ऐकणारे हजारोंनी होते आणि त्यांच्याविषयी भक्तिभावही अपार होता. पण कीर्तनातून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी भावकीत एकटा असे. दरम्यान जुने हक्कदार मागे पडले तशी त्यांची जागा नव्यांनी घेतली. बलुते संपले, पण व्याह्यांचा मान फुगला. अनेक जातींत पूर्वी वराकडून वधूच्या बापाला देज मिळे. पेशवाईत वाई प्रांतातल्या ब्राह्मणांनी मुलीबद्दल पैसे घेऊ नयेत म्हणून हुकूम काढावा लागला होता. विसाव्या शतकात प्रवाह उलटला आणि शिक्षण, नोकरी यांच्या जोरावर वरपक्ष हुंडा मागू लागला. 1961 च्या हुंडाबंदी कायद्याने हा हक्क बेकायदा ठरवला, पण तो नाकारणाऱ्या मुलीच्या बापाच्या पाठीशी कोणाला उभे केले नाही. जोशी वतनाचा कायदा चालला, कारण तोवर नाकारणाऱ्यांची अर्धशतकाची संघटित चळवळ तयार होती. हुंड्याच्या बाबतीत कायदा आधी आला आणि संघटना आलीच नाही. म्हणून मांडव, जेवणावळ, वरात यांत वाचवलेला पैसा अनेक घरांत ‘मुलीच्या अंगावर’ या नावाखाली तिकडेच जातो, आणि साध्या लग्नाचे कौतुक करताना ही बाजू तपासली नाही तर ते कौतुक पोकळ ठरते.

अलीकडचा सगळ्यात बोलका पुरावा करोनाच्या काळातला. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घातली, मोडल्यास पन्नास हजारांचा दंड ठेवला. ज्या घरांत आदल्या वर्षांपर्यंत हजार पाने उठत, तिथे अंगणात लग्ने लागली. हौस काही एका आदेशाने मरत नाही. आदेशाने दिले ते निमित्त: बोलावले नाही म्हणून रुसायची कोणाला सोय राहिली नाही. बंधन उठताच ते निमित्त गेले आणि मंगल कार्यालये पुन्हा भरली. याउलट मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रात ‘यादी पे शादी’ किंवा साखरपुड्यातच लग्न उरकण्याची जी चाल रुळली आहे, तिला आदेशाची गरज लागत नाही. देण्याघेण्याची यादी करायला दोन्हीकडची जाणती माणसे जमलेलीच असतात. त्यांच्यातलेच कोणी सुचवते, बाकीचे होकार देतात आणि संध्याकाळपर्यंत अक्षता पडतात. ज्यांना नंतर मान मागायचा असता तेच या निर्णयात सामील झालेले असतात, म्हणून ही चाल टिकून आहे.

सामूहिक विवाहांचे यशापयशही याच कसोटीवर पाहायला हवे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भात त्यांना सरकारी बळ मिळाले, आणि ‘शुभमंगल’ योजनेतून जोडप्यामागे दहा हजार रुपये आणि आयोजक संस्थेला दोन हजार अशी मदत सुरू झाली. नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांनाही ती खुली होती. पैशाची अडचण ओळखली गेली, हे चांगलेच झाले. पण एका मांडवात पन्नास जोडपी उभी राहतात तेव्हा ती कोणाची असतात, हे गाव पाहत असते. सगळी अल्पभूधारकांची आणि शेतमजुरांची असतील, तर तो मांडव गरिबांचा ठरतो आणि ज्याला शक्य आहे तो कर्ज काढून त्यातून बाहेर राहतो. ओतूरला पुरोहिताशिवाय लग्न लावणारा पाटील होता, गावातला सर्वांत दुबळा माणूस नव्हता. दावा अंगावर घेऊन तो लढू शकला आणि इतरांना वाट मोकळी झाली. सामूहिक विवाहाच्या व्यासपीठावर आज सत्कार स्वीकारणारे आमदार, कारखान्याचे संचालक आणि संस्थाचालक आपल्या मुलामुलींची लग्ने त्याच मुहूर्तावर, त्याच पंगतीत लावू लागले, तर अनुदानाच्या दहा हजारांनी जे साधले नाही ते साधण्याची मला खात्री वाटते.