कुंडलच्या माळावरचा नांगर

बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा काढून घेतली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना आसरा दिला तो औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. कुंडल स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ आणि दहा हजार रुपये कर्ज एवढ्या भांडवलावर 10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे.

लोखंडी नांगराचे काम बेळगावातच सुरू झाले होते. लाकडी नांगर वरची माती ओरखडायचा. काळ्या रानात खोल गेलेली हरळी आणि कुंदा त्याला उखडत नसे. लोखंडी नांगर ते काम करू शकत होता, पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची धास्ती होती. सुरुवातीचे नांगर बराच काळ पडून राहिले.

धास्ती घालवायची तर नांगर टिकाऊ हवा, आणि नांगराचा सगळा जीव फाळात असतो. फाळ नरम ओतला तर धार चार दिवसांत बोथट होते. सगळाच कडक केला तर दगडाला लागून तुटतो. यावरचा उपाय इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्समने 1803 साली शोधला होता. वाळूच्या साच्यात धारेच्या बाजूला थंड लोखंड ठेवायचे. तापलेला रस त्याला भिडला की तेवढीच कड झटकन निवून कठीण होते, बाकीचा फाळ चिवट राहतो. तंत्र सांगायला सोपे आहे, पण कुठल्या लोखंडाला किती उष्णता आणि वाळूत ओल किती, हे प्रत्येक ओतशाळेला ओतून, मोडून, पुन्हा ओतूनच शिकावे लागते. किर्लोस्करवाडीत ओतकामाची ही बाजू लक्ष्मणरावांचे सहकारी शंभोराव जांभेकर यांनी उचलली.

पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले.

आजूबाजूलाही असेच काही घडत होते. कऱ्हाडजवळ 1916 मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला आणि ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. 1922 मध्ये धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला नांगरांचा कारखाना काढला. पुढे तिथे डिझेल इंजिनेही होऊ लागली. किर्लोस्करांचा की कूपरचा, हे शेतकरी आता पारखून ठरवू लागला. असे गिऱ्हाईक समोर असले की कारखान्याला कालच्या मालावर समाधान मानून चालत नाही.

जपानमध्ये लक्ष्मणरावांहून दोनच वर्षांनी मोठे असलेले साकिची टोयोडा त्याच काळात माग सुधारत होते. 1924 च्या त्यांच्या मागाची खुबी ही, की धागा तुटताच माग आपोआप थांबे. दोष पुढे न ढकलता जागच्या जागी दुरुस्त करण्याची ही रीत टोयोडा घराण्याच्याच टोयोटा मोटार कारखान्यात रुजली. 1951 पासून तिथे कामगारांच्या सूचना रीतसर मागवल्या जाऊ लागल्या. मासाआकी इमाई यांच्या 1986 च्या पुस्तकाने ‘कायझेन’, म्हणजे थोडी थोडी पण सततची सुधारणा, हे तत्त्व जगभर नेले.

पुढे या दोन वाटा एकत्रही आल्या. जपानच्या एबारा कंपनीबरोबरचा पंपांचा कारखाना 1988 मध्ये किर्लोस्करवाडीतच सुरू झाला, तर 1997 मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली.

मात्र एक फरक मोठा आहे. जपानी पद्धतीचा पाया यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाची सूचना हा आहे. ती लिहून घेतली जाते, तपासली जाते, अमलात येते. आपल्याकडे मालकांची चरित्रे झाली, 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि तिचे पुढे नामांकित मासिक झाले. पण वाळूची ओल हाताने ओळखणारा साचेकार, काच फुंकणारा कारागीर यांची नावे आपल्या वाचनात फारशी येत नाहीत. नांगर आणि कंदील दिवसेंदिवस चांगले झाले ते त्यांच्याही अकलेने.

ओगल्यांचा कारखाना बंद पडून बराच काळ लोटला. कुंडल, किर्लोस्करवाडीजवळचे रामानंदनगर, सातारा रोड, ओगलेवाडीच्या ज्या घरांतून वडील-आजोबा भोंग्याच्या वेळेवर कामाला गेले, त्या घरांनी त्यांच्या आठवणी आताच लिहून काढाव्यात. इथल्या महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यावे.