डर्ज : विलंबित लयीतील मेटल

'डर्ज' या इंग्रजी शब्दाचा अर्थ शोकगीत. मराठीत त्याला विलापिका म्हणता येईल. मृतासाठी म्हटल्या जाणाऱ्या लॅटिन प्रार्थनेतील 'दिरिगे' या पहिल्या शब्दावरून तो इंग्रजीत रूढ झाला. हेच नाव धारण करणारा मुंबईचा एक वाद्यवृंद डूम मेटल आणि पोस्ट-मेटल या दोन प्रकारांच्या सीमेवर वावरतो. त्याचा 'आह पुच' हा अल्बम २०१८ मध्ये आला आणि २०२२ मध्ये वाद्यवृंदाचेच नाव असलेला 'डर्ज' हा पुढचा अल्बम प्रसिद्ध झाला. ताबिश खिदिर (गायन), आशिष धारकर आणि वरुण पाटील (गिटार), हर्षद भागवत (बेस) व आर्यमान चॅटर्जी (ड्रम) हे या अल्बममागील कलाकार होत.

मेटल म्हटले की वेग, असे समीकरण आपल्याकडे रूढ आहे. डूम मेटलने ते उलटे केले. या प्रकाराचे मूळ इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात सापडते. तेथील टोनी आयोमी हा तरुण पत्रे कापण्या-वाकविण्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ मध्ये, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनविल्या, त्यांवर चामडे चढविले, आणि पुढे तारांवरचा ताण कमी व्हावा म्हणून त्या सैल केल्या. तारा सैल झाल्या की स्वर खाली उतरतो आणि जड होतो. 'ब्लॅक सॅबथ'चा १९७१ मधील 'मास्टर ऑफ रिॲलिटी' हा अल्बम याची उत्तम साक्ष देतो.

त्याआधी १३ फेब्रुवारी १९७० रोजी आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमची सुरुवात केवळ तीन स्वरांच्या आकृतीने होते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. भारतीय कानाला तीव्र मध्यमाचे भय वाटण्याचे कारण नाही. यमन ऐकत मोठ्या झालेल्या श्रोत्याला तर तो सायंकाळचा सोबती वाटेल. युरोपीय संगीतात मात्र या अंतराला अशुभाची छाया चिकटलेली होती आणि सॅबथने तिचाच उपयोग केला. पुढे स्वीडनच्या 'कँडलमास'ने १९८६ मध्ये आपल्या पहिल्या अल्बमच्या शीर्षकातच 'डूम' हा शब्द गुंफला आणि या शैलीचे नाव पक्के होण्यास मोठा हातभार लागला.

पोस्ट-मेटल ही त्यानंतरची वाट. कॅलिफोर्नियातील 'न्यूरोसिस'ने १९९२ च्या 'सोल्स ॲट झीरो'पासून ती मळली, तर बोस्टनच्या 'आयसिस'ने २००२ च्या 'ओशनिक'मध्ये ती रुंद केली. यात मुखडा-अंतरा अशी मांडणी बहुधा नसते. एक लहानशी स्वराकृती बराच वेळ फिरत राहते, तिच्यावर हळूहळू थर चढतात, मध्येच सारे शांत होते आणि मग पुन्हा पूर्ण भाराने कोसळते. ख्यालातील बढतीशी याची तुलना करण्याचा मोह होतो. ती काही अंशी योग्यही आहे. मात्र ख्यालात रागाचा विस्तार होतो, येथे विस्तार होतो तो नादाच्या घनतेचा. गायनही शब्दांचा अर्थ पोचविण्यापेक्षा खर्जातील गर्जनेच्या रूपाने एक वाद्य म्हणूनच येते.

'डर्ज'चे संगीत याच परंपरेतील आहे. 'आह पुच' हे माया संस्कृतीतील मृत्युदेवतेचे नाव. मुंबईच्या तरुणांनी मध्य अमेरिकेची देवता का निवडावी, असा प्रश्न पडू शकतो. मृत्यूची इतकी दैवते घरात असताना बाहेर जाणे खटकतेच; पण आपल्या पिढीचे संगीत ज्यांनी परदेशी ध्वनिमुद्रिकांतून आत्मसात केले, त्यांची कल्पनासृष्टीही तितकीच दूरवर भटकणार. स्वतःच्या नावाने आलेल्या दुसऱ्या अल्बममध्ये हा परदेशी देवतेचा आधार शीर्षकापुरता तरी गळून पडला आहे.

अशा संगीतापुढचा खरा प्रश्न जागेचा आहे. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवाने धोबी तलावाच्या रंगभवनात रॉकप्रेमींच्या पिढ्या घडविल्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालयांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविला आणि रुग्णालय-महाविद्यालयांच्या शेजारचे रंगभवन मोठ्या आवाजाच्या मैफलींना मुकले. नियम योग्यच होता, परंतु तितक्या माफक दराची पर्यायी जागा कोणी दिली नाही. मैफली मग क्लबांत शिरल्या. त्यांतील गाजलेला 'ब्लू फ्रॉग' डिसेंबर २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात उघडला आणि २०१६ मध्ये बंद झाला. ज्या आवारात पूर्वी गिरणी चालत असे, तेथे काही वर्षे ॲम्प्लिफायर धडधडले.

सोलापूरच्या वाचकाला हा योगायोग अपरिचित वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली येथील जुनी गिरणी १९६० च्या दशकात बंद पडली. लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंगगिरजी यांचे भोंगेही कालांतराने थांबले. यंत्रमागांचा खडखडाट मात्र अजून ऐकू येतो. बर्मिंगहॅमच्या घणांच्या आवाजात वाढलेल्या मुलांनी जे संगीत निर्माण केले, त्याचा भार समजून घेण्यास चादरींच्या या शहराला वेगळ्या प्रस्तावनेची गरज पडू नये. अडचण आहे ती प्रत्यक्ष ऐकण्याची. मुंबईतील मैफलीसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास, आणि परतताना पुन्हा तेवढाच. त्यामुळे बहुतेकांना हे संगीत इंटरनेटवरूनच ऐकावे लागते. छोट्या स्पीकरवर त्याचा निम्मा भाग हरवतो, कारण खर्जाचे कंपन अंगावर येणे हाच या प्रकाराचा प्राण आहे. निदान चांगल्या हेडफोनवर, एका बैठकीत ऐकल्यास थरांची उभारणी लक्षात येते.

शोध घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. १९९४ मध्ये स्थापन झालेला 'डर्ज' याच नावाचा एक फ्रेंच वाद्यवृंदही होता. तोही पोस्ट-मेटलच वाजवीत असे आणि २०१९ मध्ये तो विसर्जित झाला. नावापुढे मुंबई असल्याची खात्री केल्यास गोंधळ टळेल.