सनद आणि वहिवाट : केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचें प्रार्थनामंदिर व तेथील विद्यार्थिवर्ग

केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिराची भिंत बाहेरून लक्षपूर्वक पाहिली असतां खालचा दगड पांढरा व वरचा पिवळसर, असा भेद नजरेस येतो. या दोन रंगांची सीमा सरळ आडवी नाहीं. पूर्वेकडे ती उंच आहे व पश्चिमेकडे खालीं उतरत गेली आहे. पांढरा दगड यॉर्कशायरच्या खाणींतला. तो संस्थापक राजा सहावा हेन्री याच्या वेळचा. पिवळसर दगड त्याच्यामागून आलेल्या राजांच्या वेळचा. १४६१ सालीं हेन्री पदच्युत झाला, कारागीर पांगले, आणि काम जेथें होतें तेथेंच थांबलें. पोथी वाचतांना मध्येंच अक्षर बदलावें, आणि पहिला लेखक येथें थांबला हें कोणी न सांगतां समजावें, तशी ही भिंत आहे.

या कॉलेजची मूळ सनद व नियमपत्रें सुरक्षित आहेत, आणि त्यांच्या आधारें तेथील जुन्या विद्यार्थिजीवनाचें चित्र पुष्कळांनीं काढलें आहे. परंतु सनद काय सांगते हा एक प्रश्न, व वहिवाट काय होती हा दुसरा. वतनाच्या तंट्यांचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस हा भेद नवा नाहीं. प्रस्तुत लेखांत तोच भेद या विलायती संस्थेस लावून पाहण्याचा हेतु आहे.

हेन्रीनें १४४१ सालीं कॉलेज स्थापिलें तेव्हां तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. प्रथम योजना लहान होती: एक मुख्य व बारा विद्यार्थी. दोनतीन वर्षांतच ती वाढून विद्यार्थ्यांची संख्या ७० ठरली, आणि हे सत्तरहि जण राजानेंच १४४० सालीं काढलेल्या ईटनच्या शाळेंतून यावेत असा निर्बंध झाला. त्यांच्या जोडीस प्रार्थनामंदिराकरितां १० धर्मगुरु, ६ गायक व १६ गाणारीं मुलें नेमलीं. आज आपण ज्यास शिक्षणसंस्था म्हणतों तिच्यांत इतका मोठा देवकार्याचा परिवार कशासाठीं, असें वाचकांस वाटेल. उत्तर असें कीं, त्या काळीं या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. संस्थापकाच्या व त्याच्या आईबापांच्या आत्म्यास सद्गति मिळावी म्हणून नित्य प्रार्थना करणारा समुदाय, हें कॉलेजचें एक मुख्य प्रयोजन होतें. विद्यार्थी त्या समुदायाचा घटक म्हणूनच अन्नवस्त्राचा धनी होत असे. आपल्या इकडील अग्रहारांची व वेदशाळांच्या इनामांची कल्पना मनांत आणली म्हणजे हा प्रकार सहज समजेल.

प्रार्थनामंदिराची पायाभरणी २५ जुलै १४४६ रोजीं झाली. पुढें १४४८ च्या मार्चांत राजानें एक लेख करून दिला. त्यास इंग्रजींत 'विल' म्हणतात, परंतु तें मृत्युपत्र नव्हे. त्यानंतर हेन्री तेवीस वर्षें जगला. इमारत कशी व्हावी याविषयींची ती सविस्तर आज्ञा आहे. लांबी २८८ फूट, रुंदी ४० फूट, उंची ९० फूट. आणि कोरीवकामाचा अतिरेक टाळून बांधणी साधी असावी. आतां प्रत्यक्ष इमारत पाहा. लांबीरुंदी आज्ञेबरहुकूम आहे, उंची आंतून सुमारें ८० फूट भरते. आणि साधेपणा पूर्वार्धांतच कायतो आढळतो. पश्चिमेकडील भागांत ट्यूडर घराण्याचीं गुलाबफुलें, मुकुट व राजचिन्हें यांची नुसती गर्दी आहे. कारण तो भाग सातव्या हेन्रीच्या पैशानें उठला व आठव्याच्या कारकीर्दींत पुरा झाला. जॉन वॅस्टेल या गवंड्यानें १५१२ ते १५१५ या अवधींत पंख्याच्या आकाराचें दगडी छत चढविलें. संस्थापकाच्या लेखावरून कोणी आंतील देखावा कल्पनेनें लिहूं म्हणेल तर तो साफ फसेल.

मंदिराचे दोन भाग करणारा लांकडी पडदा हें कालनिर्णयाचें सुंदर उदाहरण आहे. त्यावर आठवा हेन्री व राणी ॲन बोलीन यांच्या नांवांचीं आद्याक्षरें गुंफून कोरलीं आहेत. ॲनशीं विवाह झाला १५३३ त, आणि १५३६ च्या मे महिन्यांत तिचा शिरच्छेद झाला. तेव्हां काम या दोहोंच्या दरम्यानचें हें वेगळें सांगणें नको. अक्षरें खरवडून काढण्याचें पुढें कोणास सुचलें नाहीं, हा इतिहासावर उपकारच.

आतां माणसांकडे वळूं. नियमपत्रांतील सोळा मुलें गरीब घरचीं, बारा वर्षांच्या आंतील, वाचतांगातां येणारीं असावींत असें आहे. त्यांनीं गाणें तर गावेंच, पण भोजनगृहांत पंक्तीस वाढावें, असेंहि कलम आहे. मात्र त्याच नियमपत्रानें वर्षांतून एक दिवस त्यांस मोठा मान दिला आहे. ६ डिसेंबर हा सेंट निकोलसचा दिवस, राजाचा जन्मदिवसहि तोच. त्या दिवशीं मुख्य यज्ञविधि खेरीजकरून बाकीची प्रार्थना मुलांनीं चालवावी, अशी परवानगी आहे. इतर धर्ममंदिरांत हा प्रकार २८ डिसेंबरच्या बालहुतात्म्यांच्या सणास होत असे. येथें तो त्या दिवशीं मुळींच होऊं नये अशी स्पष्ट मनाई आहे. एरवीं पंक्तीस वाढणारें पोर एका दिवसापुरतें धर्माध्यक्षाच्या आसनावर बसे.

ही केवळ कागदावरची गोष्ट होती कीं प्रत्यक्ष घडत असे, याचा निर्णय सनदेनें होत नाहीं. तो हिशेबाच्या वह्यांनीं होतो. किंग्ज कॉलेजांत पंधराव्या शतकापासूनच्या 'मुंडम' नांवाच्या वह्या आहेत. मुंडम म्हणजे कच्च्या टिपणांवरून उतरलेली स्वच्छ प्रत. आपल्याकडील पक्की वही म्हणाना. मंदिराचा खर्च, धर्मगुरु व गायक यांचे पगार, इनामबक्षिसें, घोड्यांचा खर्च, अशीं सदरें लॅटिन भाषेंत पाडून वर्षावर्षाचा जमाखर्च त्यांत मांडला आहे. नाट्यप्रयोग, वाजंत्री व सणावारांचे समारंभ यांचा माग संशोधकांनीं या वह्यांतूनच काढला. येथें थोडें विषयांतर करून सांगतों: आपल्याकडील संग्राहक शिक्क्याची सनद दिसली कीं हात पुढें करतात, आणि त्याच दप्तरांतील मठाची वा पाठशाळेची रोजकीर्द वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास जाते. सनद गेली तर तिची नक्कल कोठेंतरी सांपडण्याचा संभव असतो. रोजकीर्दीची दुसरी प्रत बहुधा नसते.

मंदिर हें केवळ प्रार्थनेचें स्थळ राहिलें नाहीं. १५६४ च्या ऑगस्टांत एलिझाबेथ राणी केंब्रिजास आली तेव्हां याच मंदिरांत रंगभूमि उभारून रात्रीं लॅटिन नाटकें झालीं. पहिलें प्लॉटसचें 'ऑल्युलारिआ', आणि तेंहि रविवारीं. पुढें यादवी युद्धाच्या काळांत पावसाळी हवेंत शिपायांची कवाईत येथें चाले. मूर्तिभंजक अधिकारी विल्यम डाउसिंग हा १६४३ च्या डिसेंबरांत तपासणीस आला व येथें हजारभर अंधश्रद्धेचीं चित्रें काढून टाकण्याजोगीं आहेत असें त्यानें रोजनिशींत टिपलें. तरी सोळाव्या शतकांतील रंगीत कांचा अभंग राहिल्या. यावर एक दंतकथा आहे कीं कॉलेजकरांनीं त्या एका रात्रींत उतरवून लपविल्या. इतक्या प्रचंड खिडक्या एका रात्रींत उतरविणें म्हणजे काय याचा कथाकारानें विचार केलेला दिसत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत बहुतेक कांचा खरोखरच उतरवून ठेवल्या होत्या, आणि परत बसविण्यास वर्षें लागलीं.

सत्तर विद्यार्थ्यांच्या बाबतींत सनद व वहिवाट यांचें नातें उलट झालें. तेथें वहिवाट सनदेस इतकी चिकटून राहिली कीं सनदेचा हेतूच नाहींसा झाला. ईटनहून आलेला मुलगा तीन वर्षांनीं आपोआप फेलो होई, आणि विद्यापीठाची परीक्षा न देतां पदवी घेई. हा हक्क १८५१ पर्यंत चालला. विद्येसाठीं दिलेलें वृत्तिदान विद्येची कसोटी चुकविण्याचें साधन बनलें! अखेर १८६१ च्या नव्या नियमांनीं ईटनची मक्तेदारी मोडली.

प्रार्थनेची सक्ति मात्र अशी सर्वस्वीं निष्फळ म्हणतां येत नाहीं. १७७९ च्या जानेवारींत चार्ल्स सिमियन हा ईटनचा विद्यार्थी येथें आला. सुमारें तीन आठवड्यांनीं त्यास मंदिरांतील प्रसादविधीस बसावें लागेल, असा निरोप प्रोव्होस्टकडून आला. तरुण चैनी होता. आपली योग्यता नाहीं या धाकानें तो धर्मग्रंथ वाचूं लागला, आणि ईस्टरपर्यंत त्याचें मन पालटलें. हाच सिमियन पुढें ५४ वर्षें केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चांत उपदेशक होता. त्याचा शिष्य हेन्री मार्टिन १८०६ सालीं कलकत्त्यास उतरला व त्यानें नव्या कराराचें उर्दू भाषांतर केलें. सक्तीच्या एका निरोपाचा धागा असा हिंदुस्थानापर्यंत येतो. ज्या शेंकडों मुलांवर त्याच निरोपाचा कांहींच परिणाम झाला नाहीं त्यांचीं चरित्रें कोणी लिहिलीं नाहींत, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे.

सक्तीची दुसरी बाजू अधिक कठोर होती. फेलो होण्यास आंग्ल धर्मपंथाची शपथ लागे. १८६९ त ट्रिनिटी कॉलेजचा न्यूमा हार्टोग गणितांत पहिला आला. तो यहुदी असल्यामुळें त्यास फेलोपद घेतां आलें नाहीं. १८७१ च्या कायद्यानें ही अट गेली, आणि त्याच वर्षीं हार्टोग वारला. आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ त सीनियर रँग्लर झाले व १९०१ त सेंट जॉन्स कॉलेजचे फेलो झाले, तें या कायद्यामुळेंच शक्य झालें.

किंग्ज कॉलेजांतील पुढच्या पिढींत हस्तलिखितांच्या संग्राहकांस परिचित असें नांव एम. आर. जेम्स यांचें. ईटनहून १८८२ त आलेले हे गृहस्थ पुढें डीन व १९०५ त प्रोव्होस्ट झाले. केंब्रिजच्या कॉलेजांतील हस्तलिखितांच्या याद्या त्यांनीं केल्या, मंदिराच्या कांचांवरील चित्रांचा अर्थ लाविला. नाताळच्या आदल्या रात्रीं मंदिरांतील प्रार्थना आटोपली कीं निवडक मंडळी त्यांच्या खोलींत जमत, आणि ते स्वतः लिहिलेली भुताची गोष्ट वाचून दाखवीत. यादी करणाऱ्या माणसास भुतें दिसावींत यांत नवल नाहीं!

पहिल्या महायुद्धांत कॉलेजचे पुष्कळ विद्यार्थी कामास आले. त्यांचीं नांवें मंदिराच्या एका बाजूच्या दालनांत कोरलीं आहेत. फेरेंट्स बेकाशी या हंगेरियन विद्यार्थ्याचें नांव मात्र त्या यादींत नाहीं. तें तेथेंच निराळ्या भिंतीवर, एकटें आहे. तो कवि १९१५ त शत्रुपक्षाकडून लढतांना मेला. यादींत घालवत नाहीं, आणि आपला नव्हता असेंहि म्हणवत नाहीं, अशी ही जागा आहे.

सैन्यांत धर्मोपदेशक म्हणून राहून आलेले एरिक मिलनर-व्हाइट १९१८ त डीन झाले. त्याच वर्षीं २४ डिसेंबरला त्यांनीं नऊ पाठ व नाताळगीतें यांचा विधि सुरू केला. त्याचा आराखडा ट्रूरो येथें १८८० त बेन्सन यांनीं बसविलेल्या विधीवरून घेतला होता. १९२८ पासून तो आकाशवाणीवरून ऐकूं जाऊं लागला. ईटनचा हक्क गेला, शपथ गेली, १९७२ त स्त्रियांस प्रवेश मिळाला. गाणारीं मुलें मात्र हेन्रीनें नेमलेलीं सोळाच राहिलीं. १९१९ पासून विधीचा आरंभ त्यांच्यांतील एका मुलाच्या एकट्या आवाजानें होतो. पाठ वाचण्याचा क्रम कनिष्ठाकडून वरिष्ठाकडे आहे. नववा पाठ प्रोव्होस्ट वाचतो. पहिला पाठ सोळांपैकीं एक मुलगा.