स्वमग्न मुलांचा आहार

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असलेली अनेक लहान मुले मोजकेच पदार्थ खातात आणि नवा घास निकराने नाकारतात. बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले. अन्न ही बाहेरच्या जगाची मुलाच्या आयुष्यातली पहिली घुसखोरी असते, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले होते. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ७० टक्के स्वमग्न मुलांमध्ये खाण्याच्या वेगळ्या सवयी आढळल्या. इतर मुलांमध्ये हेच प्रमाण जेमतेम ५ टक्के होते. आईच्या अतिलाडाने किंवा स्वयंपाकातल्या उणिवेने असे होते, हा नातेवाइकांचा समज पार चुकीचा आहे.

मूळ कारण बहुधा संवेदनांत असते. वास, पोत, रंग, तापमान, अगदी चावताना होणारा आवाजही या मुलांना इतरांपेक्षा कितीतरी तीव्रतेने जाणवू शकतो. मऊ वरणभातात अचानक दाताखाली आलेली मोहरी किंवा कढीपत्ता एखाद्याला असह्य होतो. भाजीचा रस पोळीला लागला, की ती पोळीच नकोशी होते. पुड्यातल्या बिस्किटाची चव रोज तीच असते. पेरू मात्र एक दिवस कडक, दुसऱ्या दिवशी पिकलेला निघतो. नेमकेपणा शोधणारे मूल बिस्किटाकडे वळते ते यामुळे. काही मुलांना भुकेची जाणीवच उशिरा होते. काहींना उलट कुरकुरीत, झणझणीत असेच हवे असते.

प्रत्येक नकार संवेदनेचाच असेल असे नाही. बद्धकोष्ठता, पोटातले आम्ल वर येणे, किडलेला दात ही दुखणी मुलाला शब्दांत सांगता येत नाहीत. ते फक्त जेवण टाळते. म्हणून आधी डॉक्टरांची तपासणी हवी. दिवसभर बाटलीने दूध पाजण्याची सवयही पाहावी. जास्त दुधाने भूक मरते आणि शरीराला लोह कमी पडते.

नाक दाबून, धाक घालून किंवा मोबाइलच्या नादात बेसावध गाठून भरवलेला घास पोटात जातो, पण मुलाची अन्नावरची भीती वाढवतो. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचा नियम इथे फार उपयोगी पडतो: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. ताटात एक तरी ओळखीचा पदार्थ असावा आणि नव्याचा अगदी छोटा तुकडा वेगळ्या वाटीत ठेवावा. तो पाहणे, हुंगणे, बोटाने चाचपणे, ओठाला लावणे हीसुद्धा प्रगतीच. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावरच एखादा पदार्थ स्वीकारला जाणे सर्वसाधारण मुलांमध्येही घडते. इथे त्याहून अधिक धीर लागतो.

आवडत्या पदार्थापासून एकेक पाऊल पुढे जाणे ही तज्ज्ञांची रुळलेली पद्धत आहे. फक्त बटाट्याचे वेफर्स खाणाऱ्या मुलाला घरी तळलेले पातळ वेफर्स द्यावेत, मग किंचित जाड काप, मग तव्यावर परतलेले काप, पुढे रताळ्याचे किंवा सुरणाचे. एका वेळी एकच बदल करावा. आवडत्या पोळीत गुपचूप पालक किंवा औषध दडपू नये. मुलाला ते कळले तर हक्काची पोळीही जाते. जेवणाची वेळ आणि जागा ठरलेली असावी, पाय अधांतरी लोंबकळू नयेत, जेवताना मिक्सर बंद ठेवावा.

गहू आणि दूध बंद केल्याने स्वमग्नता कमी होते, असा प्रचार पालकांमध्ये जोरात चालतो. त्याला भक्कम पुरावा नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर असे पथ्य वापरू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. आधीच चार पदार्थांवर जगणाऱ्या मुलाचे त्यातले दोन काढून घेणे घातक ठरू शकते. फळे-भाज्या पूर्ण टाळणाऱ्या काही स्वमग्न मुलांना क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. हिरड्यांतून रक्त येणे, चालायला नकार देणे ही तिची लक्षणे.

वजन घटले, आवडत्या पदार्थांची यादी आक्रसत गेली, घास वारंवार अडकला किंवा मूल माती-खडूसारख्या वस्तू खाऊ लागले, तर वाट पाहू नये. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत स्वमग्नतेचा समावेश असून, त्याअंतर्गत उभारलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत मुलांना मोफत सेवा मिळते.