कोळसापट्ट्यातील वेगनियामक आणि त्याची दुरुस्ती

चालकाने पेडलवरून पाय काढल्यावरही वाहनाचा वेग ठरलेल्या आकड्यावर टिकवून धरणारी ‘क्रूझ कंट्रोल’ ही सोय चंद्रपूर जिल्ह्यातील रस्त्यांवर अलीकडची असली, तरी तिच्यामागचे तत्त्व वाफेच्या यंत्रांइतके जुने आहे. जेम्स वॉट याने १७८८ मध्ये वाफेच्या यंत्राला जो ‘गव्हर्नर’ म्हणजे वेगनियामक जोडला, त्यात उभ्या दांड्याभोवती दोन वजनदार गोळे फिरत. वेग वाढला की ते केंद्रोत्सारी बलाने बाहेर फेकले जात आणि त्यांना जोडलेली तरफ वाफेची झडप आवळून घेई, तर वेग मंदावला की गोळे खाली येऊन झडप पुन्हा उघडे. ही कल्पना पवनचक्क्यांत आधीपासून वापरात होती. पुढे १८६८ मध्ये मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने एका निबंधात गणिताने दाखवून दिले की असा नियामक स्वतःच बिघाडाचे मूळ ठरू शकतो, कारण दुरुस्ती उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त झाली तर वेग स्थिर होण्याऐवजी सतत वर-खाली होत राहतो. या दोषाला ‘हंटिंग’ म्हणतात आणि नियामकाच्या दुरुस्तीचा पुढचा बराचसा इतिहास याच एका दोषाभोवती फिरतो.

मॅक्सवेलचा तो निबंध प्रसिद्ध झाल्यावर अवघ्या तीन वर्षांनी, १८७१ मध्ये, वरोरा येथे सरकारी कोळसा खाण सुरू झाली आणि वर्धा खोऱ्यात यंत्रयुग आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ह्यूज याने १८७७ मध्ये या खोऱ्यातील कोळशावर सविस्तर अहवाल लिहिला. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस हे गाव याच खोऱ्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले असून नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुका लागतो. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि १९७५ मध्ये ‘वेकोलि’, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, अस्तित्वात आल्यानंतर येथे खुल्या खाणी वाढल्या. घुग्घुस, नायगाव, निलजई आणि मुंगोली या खाणी कंपनीच्या वणी क्षेत्रात मोडतात. खुली खाण म्हणजे डंपर आणि ट्रक, म्हणजेच डिझेल इंजिन, आणि डिझेल इंजिनाबरोबर वेगनियामक खाणीच्या यंत्रघरातून रस्त्यालगतच्या गॅरेजात आला.

डिझेल इंजिनाला नियामकाची गरज पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी अधिक असते. पेट्रोल इंजिनात आत येणारी हवाच रोखली जाते. डिझेल इंजिनात मात्र हवा मोकळी येत असते आणि वेग ठरतो तो पंपाने किती डिझेल सोडले यावर, म्हणून नियामक नसेल तर भार उतरताच इंजिन बेफाम धावू लागते. टेल्को कंपनीचे ट्रक १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागले, तर १९५१ मध्ये बंगळुरूला स्थापन झालेल्या ‘मायको’ कंपनीने डिझेल पंप देशात बनवायला घेतले. या पंपात ‘रॅक’ नावाची दातेरी पट्टी असते. ती पुढे-मागे सरकली की डिझेल कमी-जास्त होते, आणि तिला सरकवणारा नियामक पंपाच्या मागच्या टोकाला बसवलेला असतो.

या नियामकाचे निदान करणारा पंप-मिस्त्री हा या पट्ट्यातील गॅरेज-व्यवसायाचा खरा विद्वान मानला पाहिजे. इंजिनाची रेस एकसारखी वर-खाली होत असेल, तर तो लगेच पंप उघडत नाही. डिझेलच्या नळीत शिरलेल्या हवेनेही हेच लक्षण दिसते, म्हणून तो प्रथम ‘एअर काढतो’. त्यानंतरही दोष राहिला तर रॅक अडकते का, ती बोटाने सहज सरकते का हे पाहिले जाते, आणि शेवटी वजनांच्या पिना व स्प्रिंग झिजल्या आहेत का याकडे तो वळतो. काही जुन्या पंपांत गोळ्यांऐवजी चामड्याचा पडदा असे आणि इंजिनाच्या हवेच्या वाटेतील निर्वात दाब त्याला ओढून घेई. त्याची परीक्षा साधी पण अचूक होती: रॅक बंदच्या बाजूला ढकलायची, पडद्याकडे जाणाऱ्या नळीचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबायचे आणि रॅक सोडून द्यायची, ती जागच्या जागी थांबली तर पडदा शाबूत, भरकन परतली तर चामडे फाटलेले किंवा वाळलेले. पंप पुन्हा बांधल्यावर तो टेस्ट बेंचवर फिरवून प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याचे डिझेल काचेच्या नळ्यांत मोजले जाई आणि कमाल वेगाच्या स्क्रूवर शिशाचे सील ठोकले जाई. या कामात कान, बोट आणि मोजमाप तिन्ही एकत्र येत, आणि म्हणूनच त्याला निव्वळ अंदाजाचे काम म्हणणे अन्यायाचे ठरेल.

वाहनाचा वेग राखण्यासाठी हेच तत्त्व अमेरिकेत राल्फ टीटर या दृष्टिहीन अभियंत्याने वापरले. त्याला १९५० मध्ये पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या मोटारींत ती सोय आली. त्याच्याही यंत्रात फिरणारी वजनेच होती. भारतात मात्र कायद्याने आधी वेगाची मर्यादा आणली: एप्रिल २०१५ च्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०१५ पासून बनणाऱ्या बहुतेक मालवाहू व प्रवासी व्यावसायिक वाहनांना ताशी ८० किलोमीटरची, तर डंपर, टँकर व शाळेच्या बसना ६० किलोमीटरची मर्यादा घालणारे उपकरण सक्तीचे झाले. कोळशाच्या ट्रकांखाली सापडलेल्या दुचाकीस्वारांची आठवण ज्या गावांना आहे, तेथे हे उपकरण मुद्दाम निकामी करण्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषण-मानके लागू झाली आणि नव्या ट्रकांतील डिझेल पूर्णपणे संगणकाच्या ताब्यात गेले. रॅक आणि वजने दोन्ही गेली, आणि क्रूझ कंट्रोल हा त्याच संगणकाचा एक आदेश होऊन बसला. त्यामुळे बिघाडही सरकला आहे. ब्रेक पेडलच्या स्विचमध्ये सहसा दोन संपर्क असतात आणि दोघांचे संकेत जुळले नाहीत तर संगणक क्रूझ लागूच देत नाही. क्लचचा स्विच, स्टिअरिंगमागची गुंडाळलेली तार आणि चाकाजवळचा वेगसंवेदक या पुढच्या संशयाच्या जागा. खाणीच्या रस्त्यावरील चिखल आणि पावसाळ्यात ओलावलेली कोळशाची भुकटी संवेदकावर व जोडण्यांत बसते, म्हणून स्कॅनरने दाखवलेला दोषक्रमांक वाचून नवा भाग मागवण्याआधी जोडणी उघडून पुसणे आणि मीटरने तार तपासणे शहाणपणाचे असते. क्रम जुनाच आहे: आधी बाहेरचे कारण, मग संकेत वाहून नेणारा दुवा, आणि सर्वांत शेवटी नियामक. टेस्ट बेंचवर पंप बांधणाऱ्या मिस्त्रीला हा क्रम शिकवावा लागत नाही; त्याला स्कॅनर आणि त्यातील कंपनीची माहिती मात्र हवी असते, आणि ती छोट्या गावातील गॅरेजापर्यंत अजून सहज पोहोचत नाही.