पेट्रोलचा काटा: एका अविश्वासाचा इतिहास

पेट्रोलचा काटा खोटे बोलतो, ही तक्रार मोटारीइतकीच जुनी असावी असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः तसे नाही. मोटार आधी आली आणि काटा पुष्कळ नंतर आला. मधल्या काळात माणसे टाकीत काठी बुडवून पाहत होती, आणि ती काठी कधी खोटे बोलली नाही. आजचा धागा या काठीपासून काट्यापर्यंतच्या प्रवासाचा आहे. काटा बिघडला तर दोष नेमका कुठे शोधावा, हेही त्या प्रवासातूनच कळते.

१९०८ ते १९२७ या काळात फोर्डच्या ‘मॉडेल टी’च्या दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या. बहुतेक गाड्यांत टाकी पुढच्या आसनाखाली असे. चालकाने उतरायचे, गादी उचलायची, झाकण काढायचे आणि खुणा केलेली पट्टी सरळ आत सोडायची. पट्टी जिथवर ओली, तितके पेट्रोल. इंधनाचा पंप नव्हता. पेट्रोल केवळ उतारामुळे इंजिनाकडे वाहत असे. त्यामुळे टाकी अर्धीमुर्धी असताना तीव्र चढ लागला की इंजिन उपाशी राही. लोकांनी यावर काढलेला तोडगा प्रसिद्ध आहे: गाडी उलटी फिरवायची आणि मागच्या गतीत चढ चढायचा.

१९२७ च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’त टाकी चालकाच्या समोर, डॅशबोर्डाच्या पलीकडे होती. टाकीतला तरंगता फ्लोट तिथल्या तिथे आकडा फिरवी. मध्ये ना तार, ना वीज, त्यामुळे बिघडण्यासारखे फार काही नव्हतेच. पण बसणाऱ्यांच्या मांडीसमोर पेट्रोलची टाकी असणे हा सौदा महागच म्हणायचा. टाकी मागे नेणे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य होते. मात्र ती मागे गेली आणि चालक व पेट्रोल यांच्यात अंतर पडले. काट्याचे सारे आजार या अंतरातून जन्माला आले आहेत.

युरोपातल्या छोट्या, स्वस्त गाड्यांनी हा प्रश्न बराच काळ टाळला. सित्रोएनच्या सुरुवातीच्या ‘टू सीव्ही’त मोजपट्टीच होती. १९५७ च्या छोट्या फियाट ५०० मध्ये काटा नव्हता, पेट्रोल संपत आल्यावर लागणारा एक दिवा तेवढा होता. आणि फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये १९६१ पर्यंत यांपैकी काहीच नव्हते. चालकाच्या पायाजवळ एक चावी असे. सुमारे ४० लिटरच्या टाकीतले शेवटचे ५ लिटर या चावीने राखून ठेवलेले असत. धावत्या गाडीचे इंजिन खोकू लागले की बुटाच्या टोकाने चावी फिरवायची आणि पेट्रोल पंप शोधायला लागायचे.

हे वर्णन वाचून महाराष्ट्रातल्या एका पिढीला हसू येईल. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडलेल्या चेतक स्कूटरला हीच व्यवस्था होती. ‘रिझर्व्हला लागली’ हा मराठीतला वाक्प्रचार तिथलाच. रिझर्व्हही संपली की स्कूटर बाजूला कलती करून उरलेसुरले थेंब नळीकडे आणायचे, हे शास्त्र कुणी शिकवले नाही, पण सर्वांना येत होते. माझ्या मते रिझर्व्हची चावी हे वाहनातले सर्वांत प्रामाणिक इंधनमापक होय. तिचा धोका एकच: पेट्रोल भरल्यावर चावी परत फिरवायची राहिली, तर पुढच्या वेळी इंजिन न खोकता थेट बंद पडे.

१९६२ च्या मॉडेलपासून बीटलला काटा मिळाला, तोही आधी फ्लोटला जोडलेल्या लवचिक तारेवर चालणारा. विजेचा काटा आला तो १९६८ च्या मॉडेलपासून. अन्य गाड्यांत विजेचे काटे त्याआधीच रुळले होते.

विजेच्या काट्याची रचना आजही समजायला सोपी आहे. टाकीत एका दांडीच्या टोकाला फ्लोट असतो. दांडी वरखाली झाली की तिचे दुसरे टोक रोधकाच्या पट्टीवरून सरकते. या जोडणीला सेंडर म्हणतात. रोध बदलला की वीजप्रवाह बदलतो, आणि प्रवाह बदलला की काटा हलतो. जुन्या पद्धतीत काट्याशी दोन धातूंची जोडपट्टी असे. प्रवाहाने ती तापून वाकायची आणि काट्याला ढकलायची. किल्ली फिरवल्यावर काटा सावकाश वर चढतो, तो याच कारणाने. हा संथपणा उपयोगीही होता, कारण वळणावर पेट्रोल हिंदकळले तरी काटा नाचत नसे.

पण बॅटरीचा दाब कमीजास्त झाला की पट्टीही कमीजास्त तापणार. म्हणून साठच्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत डॅशबोर्डामागे एक छोटी डबी बसवलेली असे. ती १२ व्होल्टचा प्रवाह तोडत-जोडत सरासरी १० व्होल्टवर राखी. या डबीतून पेट्रोल आणि तापमान असे दोन्ही काटे चालत. त्यावरून जुन्या मेकॅनिकांचा पहिला प्रश्न ठरला: दोन्ही काटे चुकतात की एकच? दोन्ही एकदम वर पळाले तर डबी किंवा तिचे अर्थिंग दोषी. एकटा पेट्रोलचा काटा चुकत असेल तर मागे, टाकीकडे जायचे.

तिथे दुसरी कसोटी. किल्ली बंद करून सेंडरची तार सोडवायची, मग किल्ली चालू करून काटा पाहायचा. तीच तार क्षणभर गाडीच्या सांगाड्याला टेकवून पुन्हा पाहायचा. काटा एकदा एका टोकाला आणि एकदा दुसऱ्या टोकाला गेला, तर काटा आणि वायरिंग शाबूत आहेत. दोष सेंडरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. (टाकी उघडी असताना किंवा पेट्रोलचा वास येत असताना हा प्रयोग मुळीच करू नये. एक ठिणगी पुरते.)

काटा कोणत्या टोकाला जाईल, याचे उत्तर मात्र कंपनीगणिक बदलते. जनरल मोटर्सच्या अनेक जुन्या गाड्यांत रिकाम्या टाकीला ० ओहम आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम असा हिशेब होता. फोर्डमध्ये नेमके उलट: रिकामी ७३, भरलेली १०. हा तपशील किरकोळ नाही. गंजामुळे जोडणीत थोडा जादा रोध शिरला, की फोर्डचा काटा पेट्रोल आहे त्याहून कमी दाखवणार आणि जनरल मोटर्सचा जास्त. पहिल्या चुकीत तुम्ही पंपावर लवकर जाता. दुसऱ्या चुकीत रात्री घाटात उभे राहता. बिघडलेल्या यंत्राने कोणत्या बाजूला चुकावे, याचा विचार आरेखन करतानाच व्हायला हवा होता, आणि इथे फोर्डची बाजू मला उजवी वाटते.

फ्लोटचे दुखणे निराळे. पितळी फ्लोटच्या झाळणीला बारीक छिद्र पडले की त्यात पेट्रोल शिरते, तो बुडतो आणि काटा कायमचा तळाला जातो. त्याहून जुने फ्लोट बुचाच्या लाकडाचे असत आणि त्यांवर लाखेचा लेप असे. लाख पेट्रोलला दाद देत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. स्पिरिटमध्ये लाख भिजवून कपाटाला पॉलिश करणाऱ्या कोणत्याही सुताराला हे ठाऊक असते. भारतात २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळणे सुरू झाले. जुन्या गाड्या जपणाऱ्यांनी मिश्रणाचे वाढते प्रमाण पाहून आपला फ्लोट कशाचा आहे हे एकदा तपासलेले बरे.

इंधनाने काट्याला फसवल्याचे सर्वांत मोठे उदाहरण २००४ चे आहे. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत फ्लोरिडा, लुइझियाना भागातल्या अनेक गाड्यांचे काटे एकाएकी चुकू लागले. काही गाड्यांत टाकी रिकामी असताना काटा भरलेला दाखवी. चूक गाड्यांची नव्हती. न्यू ऑर्लिन्सजवळच्या नॉर्को इथल्या रिफायनरीतून गेलेल्या पेट्रोलमध्ये गंधक अधिक होते, आणि सेंडरच्या सरकत्या टोकांवर चांदी होती. गंधकाने चांदी काळी पडते, हे देवघरातली भांडी घासणाऱ्याला सांगावे लागत नाही. तो काळा थर विजेला अडवू लागला आणि रोध वाढला. शेल कंपनीने त्या भागातली विक्री थांबवली व काट्यांच्या दुरुस्तीचा खर्च देऊ केला. पुढे अमेरिकी पेट्रोलच्या मानकांत चांदीची पट्टी बुडवून पाहण्याची कसोटी आली. पेट्रोल काटा तपासत नाही, पण काट्यासाठी पेट्रोल तपासले जाऊ लागले!

आजच्या गाड्यांत सेंडरचा संकेत संगणकाकडे जातो. टाकीचा वेडावाकडा आकार, चढउतार, हिंदकळणे यांचा हिशेब करून तो काट्याला हलवतो. ‘ई’वर काटा आला तरी काही लिटर उरलेले असतात, म्हणजे रिझर्व्ह गेलेली नाही, फक्त तिची चावी आपल्या हातून काढून घेतली आहे. त्या शिलकीवर विसंबणे मात्र महाग पडते. पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप आता टाकीतच असतो आणि भोवतालच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. टाकी वारंवार तळाला नेली की तो तापतो, आणि त्याची किंमत सेंडरहून बरीच अधिक असते.

तेव्हा काट्याचा संशय आलाच, तर टाकी पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि काटा पाव टाकीवर आला की पुन्हा तशीच भरावी. दुसऱ्या वेळी किती लिटर मावले आणि किती किलोमीटर झाले, हे दोन आकडे कागदावर मांडावेत. असे तीन वेळा केले, की आपला काटा किती आणि कोणत्या दिशेला चुकतो हे कळते, आणि मेकॅनिकलाही नेमके तेच सांगता येते.